उसनं हसू

पुस्तकांची टर उडवणारे कार्टून व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. काडीसारख्या हातापायांची पात्रं, मागे भरधाव बोलणारा एक आवाज, आणि दहा-बारा मिनिटांत एखाद्या गाजलेल्या कादंबरीमालिकेची सालं काढून मोकळं. शाळेत दरवर्षी पोरं मरता मरता वाचतात, तरी पालक शाळा का बदलत नाहीत? खलनायक हाती लागलेल्या नायकाला संपवायचं सोडून भाषण का ठोकत बसतो? असे प्रश्न विचारत तो आवाज आपल्याला हसवत राहतो. मीही हे व्हिडिओ आवडीने पाहतो, जेवताना तर हमखास.

हे व्हिडिओ पाहणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. पहिल्याला राग येतो. त्या पुस्तकांनी त्याला वाईट दिवसांत सोबत केलेली असते. एकट्याने काढलेल्या एखाद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीच त्याची माणसं होती. आता कुणी त्यांची चेष्टा केली की त्याला ती स्वतःची वाटते. दुसरा सगळ्यात जास्त हसतो. त्याने ती मालिका तीनदा वाचलेली असते आणि तिच्यातली भोकं त्याला आधीपासून पाठ असतात. आजोबांच्या घोरण्याची नक्कल घरातल्याच कुणी केली की बाकीचे जसे हसतात, तसं त्याचं हसणं. तिसऱ्याने पुस्तक वाचलेलंच नसतं. तो चाहता असतो, पण पुस्तकाचा नाही, हसवणाऱ्याचा.

पहिला आणि दुसरा यांच्यात भांडण होतं आणि ते नेहमी एकाच प्रश्नावर होतं: लोकांच्या आवडत्या पुस्तकावर असं हसावं का? मला हा प्रश्न फार अवघड वाटत नाही. पुस्तक चारचौघांत आलं की त्यावर हसण्याचा हक्कही चारचौघांना मिळतो. ज्याला दुखेल त्याला दुखेल, आणि त्याने ते बोलूनही दाखवावं. अवघड प्रश्न तिसऱ्याचा आहे. आपण जे वाचलंच नाही, त्याला हलकं समजायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

माझं गाव आंबागड, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात. तिथे माझा एक मावसभाऊ आहे, बारावीतला. हॅरी पॉटरवर तो अर्धा तास न थांबता बोलू शकतो. १९९७ ते २००७ या काळात आलेल्या त्या सात पुस्तकांपैकी एकही त्याने उघडलेलं नाही, इंग्रजीतलं नाही आणि मराठी भाषांतरही नाही. तरी कुठल्या भागात कथानक कुठे लंगडं पडतं, हे त्याला माहीत आहे. एकदा मला म्हणाला, "काही दम नाही गा दादा त्याच्यात. लोकं उगाच येडे होतात." वाचलं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "वाचाले कोनाले टाइम आहे?" मग त्याने एकेक दोष सांगितला. शब्द त्या व्हिडिओतलेच होते. विनोदाच्या आधीचा थांबासुद्धा तिथलाच होता.

त्याचा युक्तिवाद मात्र कच्चा नव्हता. तो म्हणाला, सगळंच स्वतः कसं तपासणार? बाजारात दहा जण सांगतात, त्या दुकानातल्या तांदळात खडे निघतात. मग आपण पाच किलो घरी नेऊन, शिजवून, दात दुखवून खात्री करतो का? ज्याने खाल्लंय त्याच्यावर विश्वास ठेवतो. पुस्तकाचंही तसंच. ज्याने वाचलंय तो सांगतोय, खडे आहेत.

तांदळाच्या उदाहरणाने मी काही दिवस अडलो. मग कांट आठवला. १७९० साली आलेल्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट' या ग्रंथात त्याने नेमका हाच गुंता घेतला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादी इमारत किंवा कविता तुम्हाला सुंदर वाटत नसेल, तर शंभर लोकांनी ती सुंदर आहे असं ओरडून सांगितलं तरी तुम्हाला ती सुंदर वाटणार नाही. फार तर तुम्ही तसं वाटल्याचं सोंग कराल. माहिती दुसऱ्याकडून घेता येते, पण आस्वाद ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. कांट बोलतोय सौंदर्याबद्दल. मला वाटतं, उलट बाजूनेही हे तितकंच खरं आहे. शंभर जणांनी टर उडवली, म्हणून एखादी गोष्ट माझ्यासाठी टाकाऊ ठरत नाही.

मग तांदळाचं काय? तांदळात खडा असणं ही वस्तुस्थिती आहे. तो कुणाच्याही दाताखाली खडाच असतो. कादंबरीतली ढिसाळ जागा तशी नसते. तीच जागा एकाला खटकते आणि दुसरा तिथेच रडतो. शिवाय दुकान टाळताना आपण फक्त एक निर्णय घेत असतो. तसा निर्णय पुस्तकाबद्दलही खुशाल घ्यावा. "मित्र म्हणाला कंटाळवाणं आहे, मी नाही वाचत" यात गैर काहीच नाही, कारण आयुष्य छोटं आहे आणि पुस्तकं अफाट. पण "मी वाचणार नाही" आणि "ते भंगार आहे" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं माझ्या वेळेबद्दल आहे. दुसरं पुस्तकाबद्दल आहे, आणि ते ज्यांना प्रिय आहे त्यांच्याबद्दलही. "लोकं उगाच येडे होतात" असं माझा भाऊ म्हणाला, तेव्हा त्याने पहिल्या प्रकारच्या माणसाला वेडा ठरवलं, तेही दुसऱ्या कुणाच्या साक्षीवर. म्हणून मला हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न वाटत नाही. तो नीतीचाही आहे.

मराठीत हे सगळं एकदा होऊन गेलेलं आहे, अगदी शंभर वर्षांपूर्वी. १९२३ मध्ये पुण्यात काही कवी एकत्र आले आणि रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावं. ही मंडळी आपल्या कविता लोकांसमोर म्हणून दाखवत आणि त्यांना भरपूर चाहते होते. १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' नावाचं पुस्तक आलं. कवी केशवकुमार, म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. त्या काळच्या कवितेतला हळवेपणा, उसासे, शब्दांचा सोस, सगळ्याची त्यांनी मनसोक्त विडंबनं केली. आजचा व्हिडिओवाला चित्र काढून जे करतो, ते अत्र्यांनी वृत्तात बसवून केलं.

वृत्तात बसवून, हे महत्त्वाचं. कवितेची नक्कल करायची तर आधी ती कानात मुरवावी लागते. कवी कुठे श्वास घेतो, कुठला शब्द त्याला पुन्हा पुन्हा लागतो, हे कळल्याशिवाय विडंबन साधत नाही. अत्रे स्वतः गंभीर कविताही लिहीत. त्यांच्या हसण्यामागे वाचनाची किंमत मोजलेली होती. आणि त्यांचे पहिले वाचकही बहुतेक आपल्या दुसऱ्या प्रकारातले असणार, कारण मूळ कविता तेव्हा मासिकांत आणि कार्यक्रमांत घुमत होत्या. त्या टिंगलीने कुणी संपलंही नाही. १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन झाले. १९४२ मध्ये नाशिकला अत्रे झाले, आणि १९५० मध्ये मुंबईला यशवंत.

पण त्यानंतर काळ गेला. माझ्या ओळखीतल्या ज्यांना 'झेंडूची फुले' माहीत आहे, त्यांतल्या बहुतेकांनी माधव जूलियन वाचलेले नाहीत. त्यांच्या लेखी ते 'अत्र्यांनी ज्यांची उडवली ते कवी'. या कवीने १९२५ सालीच फार्शी-मराठी कोश दिला, छंदशास्त्रावर 'छंदोरचना' लिहिलं, मराठीत गझल आणली आणि १९३३ मध्ये 'गज्जलांजली' प्रसिद्ध केली. पुढे आमच्या विदर्भाच्याच सुरेश भटांनी गझल घरोघरी पोचवली, पण त्या वाटेवर आधी कोण चाललं होतं, हे विडंबनातून कळत नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही, कारण ते विडंबनाचं काम नव्हे. दोष अत्र्यांचा नाही. एका माणसाबद्दल विनोदापुरतंच जाणून घेऊन तेवढ्यावर थांबलेल्या आपला आहे.

इथे कुणी म्हणेल, मग 'डॉन किहोते'चं काय? सर्व्हांतेसने १६०५ मध्ये शूर सरदारांच्या भाकडकथांची अशी खिल्ली उडवली, की मूळ कथा न वाचता जग चारशे वर्षं हसतं आहे. खरं आहे. पण त्या कादंबरीचं सहावं प्रकरण पाहा. गावचा धर्मगुरू आणि न्हावी मिळून नायकाचा पुस्तकसंग्रह जाळायला निघतात. तरी एकेक पुस्तक हातात घेऊन त्यावर बोलतात, आणि 'अमादिस' हे आपल्या जातीतलं सर्वांत चांगलं पुस्तक म्हणून आगीतून वाचवतात. लेखकाने ते सगळं वाचलेलं आहे आणि त्यातलं चांगलं काय, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणूनच ते वाचून हसताना, हा म्हातारा या पुस्तकांपायी वेडा का झाला असेल, हे आपल्यालाही थोडं कळतं. टर उडवणाऱ्या व्हिडिओलाही मी हल्ली हीच कसोटी लावतो. हसून झाल्यावर, ही पुस्तकं लोकांना का आवडत असावीत याचा थोडा तरी अंदाज आला का? आला, तर हसवणारा प्रामाणिक. नाही आला, तर त्याने मला पुस्तक दाखवलंच नाही, स्वतःलाच दाखवलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार असते, खडी गंमत असते. तिथला हसवणारा कुणालाच सोडत नाही, ना सावकाराला, ना पुढाऱ्याला, ना नव्या जावयाला. पण तिथे ज्याची नक्कल होते तो माणूस बहुतेक वेळा समोरच बसलेला असतो, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला तो रोज भेटतो. नक्कल खोटी पडली तर लोक हसत नाहीत. खरी पडली, तरी सकाळी तो माणूस आपल्या पूर्ण आकारात रस्त्याने जाताना दिसतोच. व्हिडिओत ही सोय नाही. तिथे नक्कल सगळ्यांच्या खिशात पोचते आणि अस्सल वस्तू कपाटातच राहते.

हॅरी पॉटरला याने काही फरक पडत नाही. तो धट्टाकट्टा आहे, त्याचे करोडो वाचक आहेत. प्रश्न लहानांचा आहे. हसणारा मोठा आणि ज्याच्यावर हसतात तो लहान असला, की लोकांकडे फक्त नक्कलच उरते. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शिकायला पुण्यात गेलो, तेव्हा भंडाऱ्याचा म्हटल्यावर मुलं म्हणायची, "ते वऱ्हाडी बोलून दाखव ना!" त्यांनी सिनेमात आणि विनोदी कार्यक्रमांत विदर्भाचा माणूस पाहिलेला होता. भोळा, जाडाभरडा, दर वाक्याला "काहून बे" म्हणणारा. वऱ्हाड अमरावती-अकोल्याकडे, आमच्यापासून कोसो दूर. आमच्या भागात झाडीबोली. 'पाणी'चं 'पानी' होतं, तिची लकब वेगळी, गाणी वेगळी. शिवाय तुमसरकडे कानावर पोवारी पडते, हिंदी पडते. ती मुलं वाईट नव्हती. त्यांच्यातले दोघे आजही माझे जिवलग आहेत. पण ज्या बोलीवर ती हसत होती, ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. आणि मला आठवतं, मी त्यांना हवं तसं "काहून बे" म्हणून दाखवायचो. नकलेसारखं वागलं की लोक लवकर आपलं मानतात.

गावच्या किल्ल्याचंही तसंच आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाच्या काळात, १७०० च्या सुमारास बांधलेला हा गड. कुणाला नाव सांगितलं तर एकच गोष्ट निघते: भोसल्यांच्या काळात कैद्यांना इथल्या विहिरीचं घाण पाणी पाजून मारत. गोष्ट जुनी आहे, गावातही सांगतात. पण ती एक गोष्ट म्हणजे गड नव्हे.

म्हणून तिसऱ्या प्रकारच्या चाहत्याला माझं सांगणं एवढंच आहे. खुशाल हसा. व्हिडिओ छान असतो, बनवणाऱ्याने मेहनत घेतलेली असते. पण ते हसू उसनं आणलेलं आहे, हे ध्यानात असू द्या. शेजारून वाटीभर साखर आणली की ती आपण आपल्या डब्यातली म्हणून कुणाला सांगत नाही. "मी वाचलं नाही, पण व्हिडिओ भारी होता" असं म्हणायला काही लागत नाही. "भंगार आहे" म्हणायचं असेल, तर निदान पन्नास पानं वाचा. नाही आवडली तर नाही आवडली. तो कंटाळा तुमचा स्वतःचा असेल, आणि मग ज्याला ते पुस्तक प्रिय आहे त्याच्याशी तुम्हाला समोरासमोर बसून भांडता येईल. व्हिडिओतलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवणाऱ्याशी तो काय भांडणार?