मनुष्य कोणत्या मंडळीचा?

आपल्या खेडोपाडींच्या मंडळ्यांकडून जें वर्तमान येतें त्यांत अलीकडे एक वाक्य पुन्हां पुन्हां आढळूं लागलें आहे. "आमच्या मंडळींत इतकीं कुटुंबें आहेत," असें उपदेशक लिहितात, आणि लगेच, जणू क्षमा मागत असल्याप्रमाणें, "परंतु त्यांपैकीं बरेच जण कामानिमित्त पिंपरी-चिंचवड व चाकण येथें असतात" असें पुढें जोडितात. पिंपरीकडील वर्तमान पाहावें तर तेथें याच्या उलट तक्रार. उपासनेस माणसें पुष्कळ येतात, पण वहींत नांवें थोडीं. आणि नाताळाच्या दिवशीं, जेव्हां साऱ्या जगांतील उपासनामंदिरें भरून जातात, तेव्हां तेथील पुष्कळ बांकें रिकामीं राहतात, कारण लोक आदल्या दिवशींच एस्. टी. धरून गांवीं गेलेले असतात. एकाच मनुष्याची अशी दोन ठिकाणीं गणना होते, किंवा कोठेंच होत नाहीं. नुसती हिशेबाची चूक असती तर एखाद्या कारकुनानें ती केव्हांच दुरुस्त केली असती. मनुष्य कोणत्या मंडळीचा, जेथें तो जन्मला तिचा, कीं जेथें तो रात्रीं निजतो तिचा, हा प्रश्न नीतीचा आहे, व तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत शिरलेला आहे.

ज्यांनीं तो मुलूख पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. पुण्याच्या वायव्येस पवनेच्या कांठीं पिंपरी व चिंचवड हीं एके काळीं लहान गांवें होतीं. चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळें ठाऊक होतें. चाकण ठाऊक होतें तें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या किल्ल्यामुळें, व पुढें कांद्याच्या बाजारामुळें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व मोटारी, दुचाकी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने एकामागून एक आले. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि मग कारखान्यांची ती रांग नाशिकच्या रस्त्यानें चाकणापर्यंत जाऊन पोहोंचली. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांचीं शेतें करपलीं त्यांस अशा ठिकाणाची ओढ लागली यांत नवल तें काय? अहिल्यानगर जिल्ह्यांतून, ज्यास आपण अजून सवयीनें नगरच म्हणतों, शिक्रापुरावरून चाकणास जाणारी वाट आज कित्येक तरुणांच्या पायांखालची झाली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इंग्लिश चर्चच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेंत, पॅरिश नांवाची एक कल्पना आहे. पॅरिश म्हणजे सीमा आंखून दिलेला प्रदेश. त्या सीमेच्या आंत जो कोणी राहतो, तो उपासनेस येवो न येवो, वर्गणी देवो न देवो, त्याच्या आत्म्याची काळजी तेथील पाळकाच्या माथीं असते. माझे सभासद किती, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. माझ्या सीमेंत घरें किती, हा असतो, निदान असावा. पुण्याच्या गुरुवार पेठेंत १८८५ सालीं प्रतिष्ठित झालेलें अँग्लिकन मंदिर पवित्र नामाचें म्हणून वाहिलेलें आहे. पण पुणेकर त्यास पांच हौद या नांवानेंच ओळखतात. जवळच्या पाण्याच्या हौदांवरून पडलेलें तें नांव. शेजाऱ्यांनीं दिलेलें नांव ज्या मंदिरास चिकटलें, तें त्या पेठेचें झालें असें समजण्यास हरकत नाहीं.

उलटपक्षीं १८३१ सालीं नगरास आलेल्या अमेरिकन मराठी मिशननें जी रीत घालून दिली तींत सीमा नाहीं, यादी आहे. विश्वास कबूल करून, एकमेकांस वचन देऊन जे एकत्र जमले ते मंडळी. एका रीतींत जागेला मान, दुसरींत वचनाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हां या दोन्ही परंपरा, व त्यांच्याबरोबर आणखी चार मंडळ्यांच्या परंपरा, एका छपराखालीं आल्या. घटना लिहिली गेली, उपासनेचा क्रम ठरला. पण मनांतील सीमा आणि मनांतील यादी यांचें ऐक्य ठराव मांडून होत नसतें. तें अजून व्हावयाचें आहे, आणि जेथें नगरकडील मंडळीचा नातू अँग्लिकन पद्धतीच्या मंदिरांत गुडघे टेंकून बसतो, अशा पिंपरीसारख्या ठिकाणींच तें होईल किंवा होणार नाहीं.

नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत पंचकमिटीच्या सभेस मी हजर होतों. पिंपरीकडील पाळकसाहेबांचें पत्र आलें होतें. या मंडळीचा एक तरुण चाकणास कारखान्यांत नऊ वर्षें काम करितो. त्याचा दाखला आमच्याकडे पाठवावा, अशी त्यांची मागणी होती. उपदेशकांनीं, म्हणजे गांव ज्यांस मास्तर म्हणतो त्यांनीं, पत्र वाचून दाखविलें आणि स्वस्थ बसले. त्यांच्या स्वस्थ बसण्याचें कारण सर्वांस ठाऊक होतें. तो तरुण व त्याच्यासारखे तीन-चार जण मिळून जें पाठवितात त्यावर मास्तरांचें वेतन बरेंचसें अवलंबून आहे. एक पंच म्हणाले, "पाखरूं उडालें तरी घरटें आमचेंच." दुसरे म्हणाले, "नऊ वर्षांत तो नाताळाखेरीज आला किती वेळां?" मग त्या तरुणाची आई, जी दाराशीं बसली होती व जिला बोलण्याचा अधिकार नव्हता, ती बोलली. "मास्तर, त्याचं नाव नका खोडू. नाव खोडलं तर तो कशाच्या ओढीनं परत यायचा?"

याला उत्तर देणें सोपें नाहीं. मी तरी त्या वेळीं दिलें नाहीं.

पण त्या पत्रांत आणखी एक मजकूर होता, तो मास्तरांनीं वाचतांना गाळिला होता; पंचांनीं पत्र हातीं मागितलें तेव्हां तो निघाला. पाळकसाहेबांस त्या तरुणाचा पत्ता लागला तो असा. त्याचें मूल तापानें फणफणलें, त्यास रात्रीं दवाखान्यांत न्यावें लागलें, व बायको तर बाळंतपणास माहेरीं गेलेली. शेजारच्या खोलींत राहणारे एक माळकरी वारकरी गृहस्थ दुसऱ्या दिवशीं विचारीत विचारीत उपासनामंदिराच्या फाटकापाशीं आले आणि म्हणाले, "तुमच्यातला एक जण आहे, त्याचं इथं कुणी नाही." नऊ वर्षें त्या मंदिरापासून थोड्या अंतरावर राहूनहि तेथील एकाहि विश्वासणाऱ्यास त्याचें दार ठाऊक नव्हतें. कारण त्याचें नांव गांवच्या वहींत होतें, आणि तें तेथें आहे एवढ्यानें त्याचें मन निश्चिंत होतें.

माझें मत मी येथें स्पष्ट मांडतों. वाचकांस पटेल तितकें घ्यावें. सभासदपण म्हणजे मान नव्हे, तसा मालकी हक्कहि नव्हे. तो एकमेकांवरील भार आहे. आणि भार उचलावयाचा तर हात पोहोंचला पाहिजे. पैसा लांबून पाठवितां येतो. प्रार्थनाहि लांबून करितां येते, व ती ऐकिली जाते. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं लांबून बसतां येत नाहीं, आणि दारूच्या दुकानाकडे वळलेलें पाऊल लांबून कोणास दिसत नाहीं. म्हणून ज्या मंडळीचे डोळे मनुष्यावर रोज पडूं शकतात ती त्याची मंडळी, असें मला वाटतें. गांवचें जें त्याच्यावर देणें आहे तें खरें आहे, मोठें आहे; ज्या मिशनच्या शाळेनें त्याच्या आजास अक्षर शिकविलें, ज्या मंडळीनें त्याचा बाप्तिस्मा केला, तिचें ऋण कोणी नाकारूं नये. पण तें कृतज्ञतेचें देणें आहे. कृतज्ञता वहींत नांव असल्यानें सुरू होत नाहीं, आणि नांव काढल्यानें संपतहि नाहीं.

यिर्मयानें बाबेलास धरून नेलेल्या लोकांस जें पत्र पाठविलें तें २९ व्या अध्यायांत आहे, तें उपदेशकांनीं चाकणास जाणाऱ्या प्रत्येक तरुणास निघतेवेळीं वाचून दाखवावें. तेथें तात्पुरत्या मनानें राहूं नका, घर करा, त्या शहराचें हित तेंच तुमचें हित समजा, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या बाजूस योसेफ पाहा. त्यानें आपली सारी बुद्धि व सारे कष्ट मिसर देशास दिले, दुष्काळांत मिसऱ्यांस जगविलें. आणि मरतांना मात्र आपल्या अस्थि पितरांच्या देशीं न्याव्यात असें भावांकडून शपथेवर मागून घेतलें. चाकणास कोणी वारला तर रात्रींच गाडी करून त्यास गांवच्या स्मशानभूमींत आणितात, याविषयीं शहरांतील कांहीं लोक नाकें मुरडितात. मला त्यांत कांहीं गैर दिसत नाहीं. अस्थि गांवच्या असोत. हयातींतील रविवार मात्र जेथें तो राहतो तेथले असावेत.

येथें एक कडू गोष्ट बोलल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपण गांवच्या मंडळीविषयींचें प्रेम म्हणतों त्यांत मंडळी किती आणि भाऊकी किती? आपल्या पुष्कळ खेड्यांत मंडळी म्हणजे एक वस्ती, एक सोयरीक, एकाच जातींतून आलेलीं चार आडनांवें. तेथें शेजारीं बसणारा आधींच आपला असतो; त्याच्यावर प्रेम करण्यास सुवार्तेची फारशी गरज लागत नाहीं. पिंपरीस शेजारच्या बांकावर कोण बसेल याचा नेम नाहीं. कोणी बीडकडील, कोणी सोलापूरकडील, कोणी महाराचा नातू, कोणी मांगाचा, कोणी दुसऱ्याच प्रांतांतून आलेला व मराठी अडखळत बोलणारा. तेथें नांव घालण्यास आपला तरुण कचरतो त्याचें कारण तो सांगतो तेंच असतें असें नाहीं. लग्नाच्या वेळीं गांवची वही पाहिजे, हें एक कारण मीं स्वतः ऐकिलें आहे.

पॅरिश हा शब्द मूळ ग्रीक भाषेंतून आला, आणि त्याचा पहिला अर्थ आपणांस वाटतो त्याच्या अगदीं उलट आहे. परक्या ठिकाणीं बिऱ्हाड करून राहणें, असा तो अर्थ. आरंभींच्या काळीं एका शहराची मंडळी दुसऱ्या शहराच्या मंडळीस पत्र लिहितांना स्वतःस त्या त्या शहरांत उतरलेले प्रवासी असें म्हणवीत असे. पेत्रानेंहि आपल्या वाचकांस प्रवासी व परदेशवासी म्हणूनच संबोधिलें आहे. पुढें शतकानुशतकें तोच शब्द वहिवाटीच्या, बापजाद्यांच्या जागेचा वाचक झाला. भाड्याच्या खोलींत राहणारा, रात्रपाळी करून सकाळच्या उपासनेस पेंगत बसणारा कामगार त्या शब्दाच्या मूळ अर्थाशीं आपल्यापेक्षां अधिक जवळ आहे.

यावर मास्तरांचा आक्षेप उरतोच. सर्व दाखले पाठवून दिले तर खेड्यांतील मंडळी म्हाताऱ्या माणसांची राहील, व उपदेशकाची चूल कशी पेटेल? हा आक्षेप पोटाचा आहे म्हणून हलका नाहीं. पौलानें मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांकडून यरुशलेमेसाठीं वर्गणी गोळा केली. देणारे यरुशलेमेच्या वहींत नव्हते. शहरांतील मंडळीनें आपल्या हंगामाच्या सणाच्या लिलावांतून, जेथें बाजरी व कोंबडीं बहुशः गांवाहूनच आलेलीं असतात, एक ठरलेला वांटा त्या त्या गांवीं परत पाठवावा. ती भीक नव्हे, परतफेड होय. ही व्यवस्था कमिट्यांनीं करावयाची आहे, एकट्या कामगारानें नव्हे.

शहरांतील पाळकांसहि एक शब्द. आज कित्येक तरुण ठेकेदाराकडे कांहीं महिन्यांच्या बोलीनें काम करितात. आज चाकण, उद्यां तळेगांव, परवां आणखी कोठें. त्यांचा दाखला त्यांच्या मागोमाग कोठकोठें धांवणार? अशांपुरती तरी सीमेची जुनी अँग्लिकन कल्पनाच उपयोगी पडेल. जो येथें आहे तो आमचा, वही मागाहून. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचें काम सोडून देवाच्या दरबाराची कल्पना मांडली, तींत त्यांनीं बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांसहि हांक मारिली. त्यांच्याशीं सर्वच बाबतींत सहमत होणें नको. पण यादीच्या बाहेर पाहण्यास ते भ्याले नाहींत. आणि त्या रात्रीं आपल्या माणसाची वार्ता आणणारे गृहस्थ कोणाच्या यादींत होते?

त्या सभेचें पुढें काय झालें तें सांगून थांबतों. दोन तास बोलणें झालें. शेवटीं दाखला पाठवावा असें ठरलें. गांवीं जन्मून बाहेर गेलेल्यांचीं नांवें एका निराळ्या वहींत लिहावीं व प्रार्थनेच्या वेळीं तीं वाचावीं, असेंहि ठरलें. ही सूचना मास्तरांचीच होती, आणि ती करितांना त्यांचा आवाज फार बारीक झाला. पत्र लिहून झाल्यावर आईनें तें आपणांस वाचून दाखवा म्हटलें. तिनें सर्व ऐकून घेतलें. मग तिनें विचारिलें, "त्यात त्याच्या खोलीचा पत्ता घातलाय ना?" घातलेला नव्हता. मास्तरांनीं पाकीट पुन्हां उघडलें.