तळघरातला वारसा



जुना वाडा, श्रीमंत घराणे, कुलूपबंद तळघर आणि पित्याकडून पुत्राकडे चालत आलेले एक काळे गुपित, अशा थरारकथा आज घरोघरी पाहिल्या जातात. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ हा चित्रपट कोकणातील अशाच एका वाड्याची कथा सांगतो. त्यात पिता शापित धनाच्या मागे लागतो, लहान मुलालाही तीच वाट शिकवतो आणि अखेरीस तो मुलगाच पित्याने पुढे केलेले धन नाकारतो. त्यातील दैवतकथा कल्पित आहे. एकेश्वरवादावर श्रद्धा ठेवणाऱ्यास तिच्याशी कर्तव्य नाही. परंतु त्या मुलापुढील प्रश्न खरा आहे. वाडवडिलांनी अन्यायाने मिळविलेली संपत्ती वारशाने हाती आली, तर वारसाने काय करावे?

आपल्या वऱ्हाडाला हा प्रश्न अनोळखी नाही. गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील कपाशीची शिवारे पाहा. येथील गुपिते तळघरात नव्हे, तिजोरीतील कागदांत असतात. कर्जाच्या तारणापोटी करून घेतलेले खरेदीखत, व्याज फिटले नाही म्हणून कायमची गेलेली जमीन आणि तिच्यावर उभे राहिलेले दुसऱ्याचे वैभव! १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच संतापातून. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही सावकारीत बळकावलेली जमीन मूळ मालकास परत देण्याची तरतूद करावी लागली.

मात्र सावकाराकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्याही घरांत एक कागद सापडतो, हक्कसोडपत्र. कुरआनने (सूरह अन्-निसा, आयत ११) मुलीचा वाटा स्वतः ठरवून दिला आहे. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते आणि सातबारावरून तिचे नाव उतरते. पुढच्या पिढीला ती शेती निव्वळ ‘वडिलोपार्जित’ वाटते. आत्या ईदला येते, शीरखुर्मा घेते, दुआ देऊन परत जाते. ती गप्प आहे, याचा अर्थ तिने राजीखुशीने वाटा सोडला असा होत नाही.

इस्लामची शिकवण येथे दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही (सूरह अल्-अनआम, आयत १६४). म्हणून पित्याच्या अन्यायासाठी पुत्र अपराधी नाही. घराण्याला चिकटलेला शाप इस्लामला मान्य नाही. परंतु वाटणी करायची ती मृताचे कर्ज फेडल्यानंतरच, असाही आदेश त्याच वारसाहक्काच्या आयतीत आहे. जे मुळात मृताचे नव्हतेच, ते त्याच्या वारसांचे कसे होईल? पाप वारशाने येत नाही, देणे मात्र येते. सत्य कळल्यावरही जो ते दडवून ठेवतो, त्याचे पाप मग पित्याचे राहत नाही, त्याचे स्वतःचे होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अज्ञानकाळातील सारे व्याज रद्द केले, तेव्हा सर्वप्रथम आपले चुलते हजरत अब्बास (र.) यांचे येणे व्याज रद्द केले. सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून झाला. हिजरी ९९ मध्ये खलीफा झालेले हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) राजघराण्यात जन्मले होते. सत्ता हाती येताच त्यांनी वारशाने आलेल्या आपल्या मालमत्ता परत केल्या आणि मग आप्तांकडे तीच मागणी केली.

काहीजण म्हणतात, आम्ही दानधर्म करतो, मशिदीला देणगी देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला आणि पुढे विनोबांच्या भूदान कार्याला साथ दिली. भूमीचे दान ही थोर गोष्टच आहे. परंतु दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते. दुसऱ्याची वस्तू त्याला देणे म्हणजे परतफेड. परतफेड टाळून केलेले दान हे आत्याच्या पैशाने मिळविलेली वाहवा ठरते.

म्हणून कागद काढा, वडीलधाऱ्यांना विचारा. हक्कदार हयात असेल तर त्याच्याकडे, नसेल तर त्याच्या वारसांकडे स्वतः जा. शोध घेऊनही कोणी सापडले नाही, तर पुण्याची अपेक्षा न ठेवता ती रक्कम मूळ मालकाच्या वतीने गरजूंना द्या. तपशिलासाठी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्या. थोडी शेती कमी होईल, कदाचित भाऊबंदही रुसतील. परंतु कियामतच्या दिवशी नमाज-रोजांचा साठा घेऊन येणारा माणूसही लोकांचे हक्क चुकविता चुकविता कंगाल होईल, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. तेथे चुकविण्यासाठी जमीन नसेल, केवळ सत्कर्मे असतील.

आपल्या मुलांच्या हाती जे सोपवायचे, ते त्यांना न लपविता सांगता येईल असे असावे. अल्लाह आपणा सर्वांना हे बळ देवो. आमीन.