फुटक्या शंखाची गोगलगाय

दया करावी की करू नये, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. दया करावी हे लहान पोरालाही ठाऊक असते. खरा घोटाळा पुढे होतो. दया कोणावर करावी, कोठवर करावी, आणि एकावर दया करताना दुसऱ्याच्या पोटावर पाय येत असेल तर काय करावे, हे प्रश्न आले म्हणजे भलेभले गप्प बसतात. आज एका अगदी क्षुद्र जिवाच्या निमित्ताने या प्रश्नांचा थोडा विचार करू. तो जीव म्हणजे गोगलगाय.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. शेतकऱ्याच्या घरातली नात बांधावरून एक गोगलगाय उचलून आणते. कोणाचा तरी पाय पडून तिचा शंख तडकला आहे, कडेचा तुकडा गेला आहे. पोर म्हणते, "आबा, हिला बरी करू या ना. मी सांभाळीन तिला." आणि आबांनी तर त्याच दिवशी सकाळी सोयाबीनच्या रोपांवरून घमेलेभर गोगलगायी वेचून मारल्या आहेत. आता आबांनी "फेक ती घाण" म्हणावे, की "आण इकडे, बघू" म्हणावे? दोन्ही म्हणता येते, आणि दोन्हीला कारणे आहेत. म्हणूनच प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

आधी शंख म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटते की शंख हे गोगलगायीचे घर, एक मोडले तर ती दुसऱ्यात जाईल. समुद्रकाठी रिकाम्या शंखात राहणारा खेकडा तसे करतो. गोगलगायीला ते शक्य नाही. तिचा शंख स्नायूने तिच्या अंगाशी जोडलेला असतो, आणि तिची नाजूक इंद्रिये त्याच्याच वेटोळ्यात असतात. ती अंड्यातून बाहेर पडते तीच इवलासा शंख घेऊन, आणि अंग वाढेल तसा तोही वाढतो. तेव्हा शंख हे तिचे घर नव्हे, तो तिचा देहच आहे. तो फुटला की अंगातला ओलावा उडून जातो, आणि ओलावा गेला की गोगलगाय मरते.

"गोगलगाय नि पोटात पाय" असे म्हणून आपण वरून गरीब आणि आतून लबाड माणसाला नावे ठेवतो. शास्त्रज्ञही या जातीच्या प्राण्यांना उदरपाद म्हणतात, म्हणजे पोटच ज्यांचे पाय आहे ते. म्हणीतली गोष्ट खरी आहे, पण त्यात बिचारीची लबाडी काहीच नाही. देवाने जे दिले त्यावर ती चालते.

बरे, असा शंख फुटला तर उपाय काय? उपाय अगदी थोडा आहे, आणि थोडा आहे म्हणूनच कठीण आहे. हवा खेळेल अशा झाकणाच्या डब्यात ओलसर माती किंवा ओले फडके घालावे. ओल असावी, पाणी साचू नये. तिला शंखाला धरून उचलू नये. ओले पान पुढे धरावे, ती आपली आपण वर चढते. खायला काकडी, लाल भोपळा, कोबीचे पान द्यावे, पण फवारणी केलेले पान देऊ नये. मीठ तर जवळही येऊ देऊ नये. आणि चुनखडीचा अंश मिळेल असे काही डब्यात ठेवावे. वैद्याकडे किंवा पक्षी पाळणाऱ्यांकडे समुद्रफेन मिळतो, तो उत्तम. पानाला लावायचा चुना मात्र देऊ नये, तो अंग भाजतो. पावसाळ्यात चुन्याने सारवलेल्या भिंतींवर गोगलगायी चढतात त्या काही उगीच नव्हे. शंखासाठी त्या भिंत खरवडून खातात. डब्याला किंवा तिला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, कारण काही गोगलगायींच्या अंगी उंदरांकडून आलेले जंत असतात आणि ते माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. मुलांना हे आधी शिकवावे, मग डबा हाती द्यावा.

एवढे केले की आपले काम संपले. शंखाच्या आतून जी मऊ त्वचा असते तिच्यातून द्रव पाझरतो आणि तोच सुकून नवा शंख होतो. कडेची मोड काही आठवड्यांत भरून येऊ लागते. मधले भगदाड उशिरा भरते आणि तेथला थर पातळ, फिकट राहतो. फार मोठा भाग गेला असेल तर ती वाचत नाही. पण जे काही भरते ते तिच्याच अंगातून. बाहेरून आपण तिला शंख घालू शकत नाही.

दया करणाऱ्याला नेमके हेच सोसत नाही. त्याला काहीतरी करावेसे वाटते. तो डिंक आणतो, कागद चिकटवतो, दर तासाला उचलून पाहतो. अहो, ही दया गोगलगायीसाठी नसते, ती आपल्या मनाच्या समाधानासाठी असते. "मी बरे केले" म्हणता यावे यासाठी असते. खरी सेवा म्हणजे बरे होण्याच्या आड काही येऊ न देणे, आणि मग बाजूला बसणे. आजारी माणसाची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

येथे कोणी हसेल. म्हणेल, माणसे उपाशी आहेत आणि तुम्ही गोगलगायीला समुद्रफेन चारता! शंका रास्त आहे. उपाशी माणसाच्या ताटातले काढून गोगलगायीला घालावे असे कोणी म्हणणार नाही. तसा प्रसंग आला तर माणूस आधी. पण काकडीच्या एका चकतीने कोणाचे ताट रिकामे झाले? जो उपाशी माणसाचे नाव सांगून मुक्या जिवाला हाकलतो, तो त्या उपाशी माणसाकडे तरी वळतो का, हेही पाहावे. गोगलगायीला आपल्यासारखेच दुःख होते असा आमचा हट्ट नाही. इजा झाली की ती अंग आत ओढून घेते, मीठ पडले की फेसाळते, एवढे डोळ्यांना दिसते. उगाच इजा करू नये, हे ठरवायला तेवढे पुरे आहे. गंमत म्हणून गोगलगायीवर मीठ टाकून तिची तडफड पाहणारी मुले वाईट नसतात, पण त्यांना कोणी अडवले नाही तर त्यांना सवय लागते.

दुसरी शंका अधिक जड आहे. ही गोगलगाय शेतकऱ्याची वैरीण आहे, तिचे काय? हे खरे आहे. सह्याद्रीच्या रानात देशी गोगलगायींच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांतल्या कित्येक सडका पालापाचोळा खाऊन राहतात, त्यांचा कोणाला त्रास नाही. पण लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा शंख असलेली जी मोठी गोगलगाय आज शिवारात दिसते ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती एका बागेत सुटली. तेथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिवच्या शिवारात या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. ज्याने कर्ज काढून बियाणे आणले त्याला "तिच्यावर दया कर" असे कोणत्या तोंडाने सांगावे?

सांगूच नये. शेत राखणे हा शेतकऱ्याचा धर्म आहे, कारण त्या शेतावर लेकराबाळांचे पोट आहे. संध्याकाळी भिजवलेली गोणपाटे बांधाकडेने टाकावीत, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्यात, आणि मारायचे ते एका घावात, तडफडत न ठेवता मारावे. त्यात पाप शोधू नये, आणि मौजही शोधू नये.

पण मग आबांचे काय? सकाळी मारली आणि संध्याकाळी पाळली, हा दुटप्पीपणा नव्हे का? नव्हे. मारण्याला जे कारण होते ते पीक होते. डब्यातल्या गोगलगायीपासून पिकाला भय नाही. कारण संपले तेथे मारणेही संपले पाहिजे. नाही तर पीक हे नुसते निमित्त होते आणि मनात राग होता, असे ठरेल. हाती आलेल्या जखमी जिवाला पोर सांभाळते आहे, तर आबांनी खुशाल समुद्रफेन आणून द्यावा.

मात्र दयेलाही हाच नियम लागू आहे. तिचे मोल दुसऱ्याला भरावे लागू लागले की ती तेथे थांबली पाहिजे. शंख भरून आला, आता "जा बाई सुखाने" म्हणून ती बांधावर सोडून देणे दिसायला गोड दिसते. पण ते शेजाऱ्याच्या शेतात संकट सोडणे आहे. अमेरिकेत मायामी शहरात १९६६ साली एका मुलाने हवाई बेटांवरून अशा तीन गोगलगायी हौसेने आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तेथे १८,००० हून अधिक गोगलगायी सापडल्या, आणि त्यांचा नायनाट करायला सुमारे दहा वर्षे आणि १० लाख डॉलर लागले. आजीच्या मनात कोणाचे वाईट नव्हते. पण मन चांगले असले म्हणजे परिणाम चांगला होतोच असे नाही.

म्हणून डबा हाती घेताना पोराला सांगावे, की ही बरी झाली तरी आता हिला सोडायचे नाही. ही गोगलगाय पाच-सहा वर्षे जगते. तेवढी वर्षे रोज सांभाळशील का? होय म्हणशील तर ठेव.

आणखी एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. या गोगलगायीत नर आणि मादी एकाच देहात असतात, आणि एकदा जोड झाली की पुढे कित्येक महिने ती एकटीच अंडी घालू शकते. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, पिवळसर पांढरी अशी शंभरावर अंडी एका खेपेस मातीत सापडतात. ती त्याच दिवशी, आत जीव धरण्यापूर्वी, उकळत्या पाण्यात टाकावी लागतात. पोर विचारील, "आबा, हिला वाचवली आणि हिची अंडी का मारता?" त्या वेळी गोष्ट झाकू नये. चोरून अंडी फेकून "नव्हतीच" म्हणू नये. सरळ सांगावे, "बाळ, एक आपण सांभाळू शकतो. शंभर सांभाळू शकत नाही, आणि बाहेर टाकली तर कोणाची तरी पेरणी जाईल." पोराच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्यावे. ते पाणी खोटे नाही, आणि आबांचे काम चुकीचेही नाही.

दया म्हणजे नुसता मनाचा उमाळा असे जे आपण धरून चालतो, त्याने बरेच नुकसान होते. उमाळा घटकाभर टिकतो आणि डब्यातली माती रोज बदलावी लागते. जो जीव आपण हाती घेतला त्याचे शेवटपर्यंत करावे. ज्याला मारणे भाग आहे त्याला कारणापुरतेच मारावे, आणि तेही क्रूरपणा न करता. आणि आपल्या दयेचा भार शेजाऱ्यावर टाकू नये. एवढे जमले तर गोगलगायीपुरती तरी आपली भूतदया खरी झाली असे म्हणता येईल. मोठ्या जिवांच्या बाबतीतही नियम काही निराळे नाहीत.