मूळ कोणते?

वस्तू जपायची म्हणजे ती आहे तशी ठेवायची, की ती एके काळी होती तशी करायची? एका जुन्या ध्वनिवर्धकाने हा प्रश्न आमच्या घरात उभा केला.

माझे दिवंगत थोरले बंधू तरुणपणी पेडण्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी आणलेला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक डिचोलीच्या घरी माळ्यावर पडून होता. पुतण्याने तो उघडला, तेव्हा पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडशी वडिलांच्या हातचा एक जादा कपॅसिटर जोडलेला आढळला. "काका, हा काढतो. कारखान्यातून आला तसाच करू या," तो म्हणाला. माझे मन मात्र त्याला हातही लावू देईना.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडून अ‍ॅनोडकडे धावतात. गिटारकडून आलेला क्षीण संकेत मधल्या ग्रिडवर पोचतो व या प्रवाहाचे नियमन करतो. कॅथोडच्या रोधाला कपॅसिटर जोडला की संकेत अधिक वाढतो, पुढचा व्हॉल्व्ह लवकर आपल्या मर्यादेला भिडतो आणि सूर किंचित फाटतो. अभियंत्याच्या लेखी हा दोष. वादकाच्या लेखी तोच रंग. बंधूंनी तो जोड समजून-उमजून दिला होता.

मग मूळ कोणते? अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन' ध्वनिवर्धकाचा आराखडा पुढे ठेवून लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली एक ध्वनिवर्धक तयार झाला. आराखडा जवळजवळ तोच होता, पण सुटे भाग बरेचसे तेथे मिळणारे. त्याचा आवाज निराळा निघाला आणि आज लोक त्यालाच मूळ मानून जपतात. आपल्या नार्व्याचे उदाहरण याहून जवळचे. दिवाडीहून नदीपार आलेल्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. २०२३ साली पुन्हा जीर्णोद्धार होऊन ते खुले झाले, तेव्हा जपण्याजोगे मूळ म्हणून आपल्यापुढे होते ते महाराजांच्या काळचेच देऊळ. कालचा बदल आजचे मूळ ठरतो तो असा.

याचा अर्थ कोणताही बदल क्षम्य, असा मात्र नव्हे. जे समजले नाही ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. जे बदलले ते पुढच्याला उलटवता आले पाहिजे. जिवाचा प्रश्न असेल तेथे मात्र जुनेपणाचा आदर आड येऊ देऊ नये. त्या यंत्राच्या वायरला अर्थिंग नव्हते. शिवाय अशा यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. म्हणून जाणत्या कारागिराकडून अर्थिंगची वायर व वीजपुरवठ्याचे नवे कपॅसिटर बसवून घेतले.

बंधूंचा कपॅसिटरही तपासला. तोही आतून सुकला होता. मी ज्याला हात लावू देत नव्हतो, तो आपले काम केव्हाच सोडून बसला होता! त्या जागी त्याच मापाचा नवा बसविला. बदल बंधूंचा राहिला, तुकडा तेवढा गेला.

काढलेले भाग एका पाकिटात घालून, काय, केव्हा आणि का बदलले ते पुतण्याने त्यावर लिहिले. पाकीट यंत्राच्या पेटीतच ठेवले आहे. उद्या त्याच्या मुलाला आमचा निर्णय चुकीचा वाटला, तर तो बदलण्याची वाट त्याला मोकळी आहे.