जनीच्या गोवऱ्या

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला, गोदाकाठी जन्मलेली जनी, म्हणजे संत जनाबाई, लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेणगोठा. पूजेला वेगळी बैठक नाही, वेळ तर नाहीच नाही.

तिचं नाव ऐकून कबीर भेटीला आले, अशी कथा कीर्तनातून सांगतात. जनीचा शेवट 1350 चा मानतात आणि कबीर नंतरचे, म्हणून सनावळीत ही भेट बसत नाही. कीर्तनकार तरीही ती सोडत नाहीत, ते योग्यच करतात.

कबीर आले तेव्हा दोन बायका गोवऱ्यांच्या ढिगावरून कडाडून भांडत होत्या.

"माई, जनाबाईंचं घर कुठलं?"

"ही काय तुमची जनाबाई! माझ्या गोवऱ्या लाटायला निघालीय!"

कबीर थबकले. खोचलेला पदर, शेणाने भरलेले हात, चढलेला आवाज. हिच्या पाया पडायला एवढी वाट तुडवली?

जनी म्हणाली, "बाबा, उभेच आहात तर निवाडा करा. एकेक गोवरी कानाला लावा. विठ्ठल ऐकू आला तर माझी, नाहीतर हिची."

पहिली गोवरी मुकी. दुसरीही मुकी. तिसरी कानाला लावली आणि कबीरांच्या अंगावर काटा आला. आतून 'विठ्ठल, विठ्ठल' चाललं होतं. शेण थापताना जनीच्या ओठांवर जे होतं, ते गोवरीत उतरलं होतं.

लीनता म्हटली की बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार आठवतो. तो देवळात लांब उभा राहतो, नजर वर न करता छाती पिटून दया मागतो. त्याची लीनता खरीच आहे. पण जनीला देवळाचा तो कोपराही मिळाला नाही, आणि तिची लीनता गप्प बसणारी नव्हती. देवापुढे ती दासी होती, पण आपल्या कष्टाची गोवरी तिने सोडली नाही. शेजारणीची एकही मागितली नाही. अभंगांत तर ती विठ्ठलालाही खडसावते. इतक्या जवळिकीने जो बोलतो, त्याला हात जोडायला सवड लागत नाही.

दोन ढीग वेगळे झाले. कबीर पाया पडायला वाकले, तशी जनी मागे सरली.

"ते राहू द्या. पाटी डोक्यावर चढवू लागा. घरी चूल खोळंबलीय."