दामदुप्पट

‘दामदुप्पट’ हा शब्द मूळचा ऋणकोच्या कैवाराचा. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक नसावें, हा मनुस्मृतींतील नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयें इंग्रजी अमदानींतही पाळीत. परंतु ‘एका वेळीं’ हे दोन शब्द वाचकांनीं विसरूं नयेत. शंभर रुपये घेऊन जो दरसाल बारा रुपये व्याज नेमानें भरतो, त्याचे वीस वर्षांत दोनशें चाळीस जातात, आणि मुद्दल जशाचें तसें राहतें. जो कांहींच भरीत नाहीं, त्याचें व्याज शंभरावर थांबतें! शिवाय जुनें खत फाडून नवें लिहिलें कीं थकलेलें व्याजच मुद्दल होऊन बसे. १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्यानें सातारा जिल्ह्यांतील न्यायाधीशांस खताच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तो अशाच युक्त्यांमुळें.

आज साताऱ्यांत काय किंवा सांगलीच्या हळदपेठेंत काय, हा शब्द कानीं पडतो तो ठेवींच्या संबंधानें: ‘अमुक वर्षांत दामदुप्पट’! सावकाराच्या लोभास घातलेली मर्यादा ठेवीदाराच्या लोभाचें आमिष झाली. अशा एका योजनेविषयीं आप्तानें मला सल्ला विचारला, तेव्हां मीं मुदत व दर विचारला. दुप्पट होणारा पैसा कोणाच्या खिशांतून येणार, हें मात्र विचारलें नाहीं.