फोटोतला कोयता

पुण्याच्या एजन्सीचं कोटेशन टेबलावर पडलं होतं. संस्थेची वेबसाइट नव्याने करून देण्याचे तीन लाख ऐंशी हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,४८,४०० रुपये. मी माझा नेहमीचा हिशेब मांडला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या वसतिगृहात एका लेकराचं जेवण महिन्याला दीड हजाराला पडतं आणि हंगाम सहा महिन्यांचा. आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात, तोवर लेकरं आमच्याकडे.

"पन्नास लेकरांचा हंगाम," मी म्हणालो. "एवढं धान्य एका वेबसाइटपायी घालवायचं?"

ती समोर बसली होती. चौथी ते दहावी याच वसतिगृहात राहिलेली. आता संस्थेचं कार्यालय आणि जमाखर्च तीच बघते. मी तिला गणित शिकवलं, म्हणून मला अजून सरच म्हणते.

"सर, आपली आत्ताची साइट तुम्ही शेवटची कधी उघडली होती?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी फोनवर उमटतच नव्हतं. रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसत होती. देणगीच्या पानावर बँकेचा खाते क्रमांक होता, तोही स्कॅन केलेल्या कागदावर, तिरका.

"मागच्या महिन्यात एका निवृत्त बाईंचा फोन आला होता. पाच हजार द्यायचे होते. या चित्रावरून नंबर उतरवताना एक आकडा चुकला, पैसे परत गेले. पुन्हा काही त्यांनी पाठवले नाहीत. ही गळती तुमच्या हिशेबात कुठं धरलीय? आणि साइटचं नावसुद्धा आपल्या नावावर नाही. २००९ साली ज्या दादांनी हौसेनं करून दिली, त्यांच्या खात्यावर आहे. ते परदेशात. दरवर्षी मुदत संपत आली की मी त्यांना मेल करते आणि उत्तराची वाट बघते."

मी गप्प बसलो, पण मन मानेना. म्हणालो, "धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा ते दारोदार हिंडले. देणाऱ्याने माणूस पाहिला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. काम चांगलं असेल तर ते बोलतं."

"कर्वे बोलले, म्हणून काम बोललं. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, ते आपल्या महिला विद्यापीठासाठी जगाच्या दौऱ्यावर निघाले. बोटीचं तिकीट कुणाच्या खिशातून गेलं ते मला माहीत नाही, पण फुकट खासच मिळालं नसेल. आणि सर, तुमचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तुम्ही किती दारं हिंडणार?"

मग तिने प्रशिक्षणात ऐकलेली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत धर्मादाय संस्थांची वर्षानुवर्षं पारख करणाऱ्या तीन संघटनांनी २०१३ साली देणगीदारांना उघड पत्र लिहिलं, की प्रशासनावर किती टक्के खर्च होतो एवढ्यावरून संस्था जोखू नका. आपल्या देशात वारं उलट दिशेचं. परदेशी देणगीतून प्रशासनावर निम्म्यापर्यंत खर्च करता येत होता, २०२० च्या कायदादुरुस्तीने ती मर्यादा वीस टक्क्यांवर आली. आम्ही परदेशी पैसा घेत नाही, पण 'माझा रुपया लेकराच्या ताटातच पडू दे' ही भावना मला परकी नाही. मीही त्याच भावनेचा माणूस आहे. मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की ताटापर्यंत जाणारा रस्ताही कुणीतरी बांधावा लागतो, आणि त्याचा खर्च मी आजवर हिच्या तुटपुंज्या पगारातून काढत आलो.

"बरं," मी म्हणालो. "समज, पैशाचं मान्य केलं. मग तुझा चेहरा असा का?"

तिने एजन्सीचा आराखडा उघडला. पहिल्याच पानावर सात-आठ वर्षांच्या मुलीचा स्क्रीनभर चेहरा, डोळ्यांत पाणी. खाली लाल बटण, 'तिला वाचवा'. चेहरा बाजारातून घेतलेला, नमुन्यापुरता. 'इथे तुमच्याकडची मुलगी येईल' अशी बारीक अक्षरांत सूचना. पुढच्या पानावर 'तिची कहाणी': नाव, गाव, बापाने मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती.

"हे चालतं म्हणतात. अशा चेहऱ्यावर माणूस थांबतो आणि पैसे देतो. खोटं नसेल ते."

"कायदा?"

"बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपली सगळी लेकरं त्या व्याख्येत बसतात का, यावर वकील भांडत बसतील. एजन्सी म्हणते, आईबापाचं संमतिपत्र घ्या, विषय संपला."

"मग घेऊ."

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली.

"सर, मुकादम उचल देतो तेव्हा कागदावर अंगठा घेतोच की. ती संमतीच असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याच्या अंगावर लाख-दीड लाख. मग मुकादम म्हणेल त्या कारखान्याला जायचं, म्हणेल तेव्हा फडात उतरायचं. नाही म्हणायची सोयच नसते. आता ज्या बाईचं लेकरू आपल्याकडे जेवतंय तिच्यापुढे आपण कागद ठेवला, तर ती काय म्हणेल? माझ्या मायनं काय म्हटलं असतं? आपलं जेवणही तिच्यासाठी उचलच झालं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं मी मुकादमांविरुद्ध बोलत आलो. आमच्या ताटालाही तोच दोर बांधलेला असू शकतो, असं कधी मनात आलं नव्हतं.

"म्हणजे फोटो नकोच," मी म्हणालो. "लेकरांचे चेहरे नकोत. वर्ग दाखवू, स्वयंपाकघर दाखवू, ताळेबंद दाखवू."

"इतकं सोपं असतं तर मी तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

तिने टेबलाचा खण उघडला आणि एक जुनं घडीपत्रक काढलं. मी ते लगेच ओळखलं. मुखपृष्ठावर नऊ वर्षांची एक मुलगी, केस विस्कटलेले, हातात तिच्या हाताहून लांब कोयता.

ही तीच.

"कॉलेजात असताना खातं उघडायला तालुक्याच्या बँकेत गेले होते. मॅनेजरच्या टेबलाच्या काचेखाली हे होतं. ते म्हणाले, फार चांगलं काम आहे या लोकांचं. मी ही मुलगी मीच आहे असं बोलले नाही. फॉर्म भरला, सही केली आणि निघाले. त्या दिवशी मला वाटलं, आता आयुष्यभर कुणीतरी मला टेबलावरून बघत राहणार." ती थांबली. "मी कधी ऊस तोडला नव्हता, सर. मोळ्या बांधल्या, वाढे गोळा केले. कोयता हातात घेतला तो फोटोपुरता."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"पण हेही खरं, की या पत्रकावर आलेल्या पैशातून वरच्या मजल्याचं छत झालं. त्याच हंगामात मी त्या छताखाली झोपले. तोवर अवकाळी पाऊस आला की आम्ही भांडी मांडून गळणारं पाणी धरत होतो. मग मी कशाला नाही म्हणू? चेहरा माझा गेला आणि छत ऐंशी जणांना मिळालं. हा सौदा वाईट होता, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. चांगला होता, असंही म्हणवत नाही."

"तुला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नऊ वर्षांची होते. सर विचारतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?"

बाहेर संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली. ती उठली नाही. कोटेशन उलटं करून तिने कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला.

"मी एजन्सीकडे एक पान मागितलं होतं, आईबापांसाठी. वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार, आधार आणि शाळेचा दाखला यांतलं काय काय आणायचं, लेकरू आजारी पडलं तर कोणत्या दवाखान्यात नेणार, वॉर्डनताईंचा नंबर. कर्नाटकातल्या फडावर, कोपीत बसून, साध्या फोनवर, रेंज कमी असताना उघडेल असं हलकं पान. मोठ्या अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येईल असं. एजन्सीच्या पोरांनी मला विचारलं, यात दात्यासाठी काय आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर सुचलं. दात्यालाही हेच दाखवायचं. हे लोक आईबापांना काय कळवतात, कसं कळवतात, ते त्याने बघावं. पण याने पैसे येतील का? चेहऱ्याने आले तेवढे नाही येणार. पुढच्या हंगामात दहा लेकरांना जागा नाही म्हणून परत पाठवायची वेळ आली, तर त्या दहा आयांपुढे मी या पानाचं काय सांगू?"

रविवारी विश्वस्तांची बैठक आहे. आम्ही काही अटी लिहून काढल्या. साइटचं नाव आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात, मजकूर युनिकोडमध्ये, मोठा व्हिडिओ वगळून दर कमी करून घ्यायचा, देणगी यूपीआयने आणि त्याच पानावर दात्याचा पॅन नंबर भरून घ्यायचा, म्हणजे करसवलतीसाठी देणग्यांचं वार्षिक विवरण भरताना तिला पावतीपुस्तकं चाळावी लागणार नाहीत. यावर वाद झाला नाही. पहिल्या पानाची जागा मात्र कोरी राहिली. ती मलाही भरता आली नाही.

निघताना मी ते जुनं पत्रक खिशात घालायला लागलो. नव्या साइटवर संस्थेच्या इतिहासाचं एक पान असणार होतं. तिथे हे नको, असं मी ठरवून टाकलं होतं.

"ठेवा इथंच," ती म्हणाली. "मी आता सज्ञान आहे आणि मला विचारलं तर माझं हो आहे. तो फोटो लावा. फक्त खाली खरं लिहा."

मी पेन घेतलं आणि पत्रकाच्या पाठीवर लिहिलं: 'ही मुलगी ऊस तोडत नव्हती. फोटोसाठी तिच्या हातात कोयता दिला होता.'

तिने वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"कुणी दिला होता, ते राहिलं."

मी पेन पुन्हा उघडलं.